‘लीव्ह’ला ‘हून’ चिकटवू नका

आपण ‘रत्नागिरीहून निघालो’ म्हणतो, म्हणून इंग्रजीतही ‘आय लेफ्ट फ्रॉम रत्नागिरी’ तोंडात येतं. पण ‘लीव्ह’ म्हणजे सोडणे. गाव सोडलं, मग ‘हून’ कशाला? ‘आय लेफ्ट रत्नागिरी’, बस्स. जायचं ठिकाण सांगताना ‘टू’ नव्हे, ‘फॉर’: ‘द तुतारी एक्सप्रेस लीव्ज सावंतवाडी फॉर दादर’. सगळ्यांत जास्त घसरतो ते इथेच, कारण ‘दादरला’ म्हटलं की डोक्यात ‘टू’ वाजतं. गाडी नेमकी कुठून सुटते ते सांगायचं असेल तर मात्र ‘फ्रॉम’ चालतं: ‘द बस लीव्ज फ्रॉम मालवण स्टँड’. ‘डिपार्ट’ला सहसा ‘फ्रॉम’ लागतं, पण तो शब्द स्टेशनवरच्या घोषणेतच शोभतो. घरी बोललात तर पोरं हसतील. ‘सेट ऑफ’ म्हणजे प्रवासाला निघणे; जायचं ठिकाण सांगताना त्यालाही पुढे ‘फॉर’च.