तळपायाची चामखीळ सिल्व्हर नायट्रेटच्या काडीने गेली (माझा अनुभव)

टाचेखाली खडा रुतल्यासारखं दुखायचं. कुरूप समजून कॉर्नकॅप लावली, मग चुना. दोन पावसाळे लंगडत काढले, जीव मेटाकुटीला आला. डॉक्टरांनी वरची कातडी खरवडली तेव्हा काळे ठिपके दिसले: चामखीळ!

त्यांनी दाखवलेली रीत अशी. पाय कोमट पाण्यात भिजवून पुसायचा, मेलेली कातडी फाइलने घासायची. भोवती व्हॅसलीन. सिल्व्हर नायट्रेट (चामखीळ जाळणारा चांदीचा क्षार) लावलेल्या काडीचं टोक डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून फक्त चामखिळीवर २ मिनिटं टेकवायचं. आमच्या वेंगुर्ल्याच्या विहिरीचं पाणी मचूळ, ते चालत नाही. मिठामुळे सिल्व्हर क्लोराइड होऊन औषध वाया जातं. पुन्हा २४ तासांनी, जास्तीत जास्त ६ वेळा. कातडी काळी पडते, घाबरू नका, आठवड्या-दोन आठवड्यांत निघते. चेहऱ्यावर लावू नका. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काडीला हातसुद्धा लावू नका.