माइनस्वीपरांचा सर्व्हिस रेकॉर्ड नागपुरात बसून कसा जमवायचा

समुद्र लांब आहे म्हणून आपलं काही अडत नाही. माइनस्वीपर म्हणजे समुद्रातले सुरुंग साफ करणारी जहाजं, अन् सर्व्हिस रेकॉर्ड म्हणजे कोणतं कधी नेव्हीत आलं, कधी गेलं, काम कसं केलं याची नोंद. सुरुवातीला लहान संच घ्या, म्हणजे आपल्या नेव्हीचे पाँडिचेरी अन् कारवार हे दोन क्लास (एकाच डिझाइनच्या जहाजांचा गट) मिळून बारा जहाजं, सोव्हिएत नात्या डिझाइनची. पहिले सहा १९७८ पासून आले, पुढचे सहा १९८६ ते १९८८ मध्ये.

कागदावर डावीकडे पेनंट नंबर, म्हणजे जहाजाच्या बाजूवर रंगवलेला ओळख नंबर लिहा, एम ६१ पाँडिचेरी पासून एम ७२ कोकण पर्यंत, नाव त्याच्यानंतर. कारण नेव्हीत नावं परत परत वापरतात. कारवार, कॅननोर, कुडलोर, काकीनाडा ही चारही नावं १९५६ च्या ब्रिटिश टन क्लास माइनस्वीपरांना होती, अन् कोकण तर दुसऱ्या महायुद्धातल्या रॉयल इंडियन नेव्हीत पण होतं. नुसतं नाव टाकून सर्च केलं की दोन पिढ्यांची माहिती एकाच जहाजाच्या खात्यात जाते, मग निस्तरता निस्तरत नाही.

ओळखीत कोणी रिटायर नेव्हीवाले असतील तर त्यांच्याकडे नक्की जा, नागपुरात आहेत असे लोकं. साल विचारू नका, साल विसरतात माणसं. "काका, तुमची बोट लाकडाची होती का लोखंडाची?" असं विचारा. टन क्लासची बॉडी महोगनी लाकडाची, नात्याची कमी चुंबकीय पोलादाची, कारण लोखंडी जहाजाच्या चुंबकीय परिणामानेच फुटणारे सुरुंग असतात. मग काम कसं चालायचं ते विचारा अन् मधे बोलू नका. मागे लांब वायर सोडायची, ऑटर नावाचं पाण्यातलं साधन तिला बाजूला ओढून धरतं, काइट नावाचं दुसरं खाली दाबून ठेवतं, वायरवरच्या कटरने सुरुंगाला तळाशी बांधलेला दोर तुटला की तो वर येतो अन् मग त्याला गोळी घालायची. चुंबकीय सुरुंगासाठी वेगळी केबल असते, तिच्यातून करंट सोडतात. हे सगळं ऐकून राहिले की कोरड्या तारखांना अर्थ येतो, म्हणून मी तरी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा मानतो.

जहाज निवृत्त झाल्याच्या तारखेसाठी पीआयबीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाच्या प्रेस नोट बघा, त्यात निरोपाचा कार्यक्रम असतो, सूर्यास्ताला ध्वज अन् कमिशनिंग पेनंट (जहाज सेवेत असेपर्यंत फडकणारा लांब अरुंद झेंडा) शेवटचा उतरवतात. कारवार, काकीनाडा २०१७ ला मुंबईत, कुडलोर, कॅननोर २०१८ ला विशाखापट्टणमला, कोझिकोड २०१९ ला. कोझिकोड शेवटचं, त्याच्यानंतर नेव्हीकडे एकही माइनस्वीपर उरलं नाही. दक्षिण कोरियाच्या मदतीने गोवा शिपयार्डमध्ये नवीन बांधायचं ठरलं होतं, २०१८ मध्ये तेही रद्द झालं. ही ओळ रेकॉर्डमध्ये टाकाच, इतक्या मोठ्या किनाऱ्याच्या देशाला हे परवडत नाही.

एवढं जमलं की १९८० च्या दशकातला छोटा माहे क्लास घ्या, त्यात आपलं मालवण पण आहे. तिथंही आधी नंबर, कारण २०२५ मध्ये कमिशन झालेलं माहे हे पाणबुडीविरोधी जहाज आहे, सुरुंगाचं नाही.