१०८ येईपर्यंत: गावाचं प्रथमोपचार पथक कसं उभारावं

महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. तरीही तालुक्यापासून लांबच्या वाडीवर पोचायला तिला वेळ लागतोच. हृदय बंद पडलं की चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते, आणि मांडीतली मोठी रक्तवाहिनी तुटली तर माणूस त्याहूनही लवकर हातचा जातो. हा मधला वेळ गावातल्या माणसांनीच सांभाळायचा असतो. त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. मोजक्या गोष्टी बिनचूक करता याव्या लागतात आणि बाकीच्या करायच्या नाहीत हे पक्कं ठाऊक असावं लागतं.

प्रशिक्षण

सेंट जॉन अँब्युलन्स आणि इंडियन रेड क्रॉस यांचे प्रथमोपचार वर्ग जिल्ह्याच्या ठिकाणी होतात. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात ‘आपदा मित्र’ या स्वयंसेवकांना प्रशिक्षण देणाऱ्या योजनेची चौकशी करा. वर्गाला नाव घालण्याआधी विचारून घ्या की पुतळ्यावर प्रत्येकाला स्वतः छाती दाबायला मिळते का. नुसत्या स्लाइड बघून आलेला माणूस प्रत्यक्ष वेळी हात लावायला कचरतो. शिवाय शिकलेलं काही महिन्यांतच निसटायला लागतं. म्हणून प्रमाणपत्राच्या मुदतीवर विसंबू नका, महिन्यातून एकदा तासभर सराव ठेवा.

माणसं आणि फोन

आठ-दहा जण पुरतात, पण ते वेगवेगळ्या वाड्यांतले हवेत. आशाताई, रात्री गावात असणारा एखादा गाडीवाला आणि पोहता येणारे दोघे-तिघे यांना आधी विचारा. पथकात स्त्रिया हव्यातच, नाहीतर बाई जखमी झाली की सगळे पुरुष दोन पावलं मागे उभे राहतात. एकट्याने जायचं नाही, कमीत कमी दोघं.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर हाक देऊ नका. रात्री फोन सायलेंटवर असतो. कोणी कोणाला फोन करायचा ही साखळी कागदावर लिहून प्रत्येकाच्या घरी चिकटवा. गाव ग्राम सुरक्षा यंत्रणेत जोडलेलं असेल तर एका फोनने सगळ्यांना निरोप जातो. वायरमनचा, प्राथमिक आरोग्य केंद्राचा आणि पोलीस पाटलांचा नंबर सगळ्यांकडे हवा.

१०८ ला फोन केल्यावर आधी ठिकाण सांगा: तालुका, गाव, फाटा, जवळची खूण. मग किती जण, शुद्धीत आहेत का, श्वास चालू आहे का. समोरचा म्हणेपर्यंत फोन ठेवू नका, स्पीकरवर ठेवून काम करा. एक माणूस लगेच फाट्यावर पाठवा. रात्री त्याच्या हातात बॅटरी हवी. वाट चुकण्यात जाणारा वेळ एवढ्याने वाचतो.

पिशवी

नायट्राइल हातमोज्यांचे सहा जोड, गॉजचे रोल, १० आणि १५ सेंमीची क्रेप बँडेज, सहा त्रिकोणी पट्ट्या, कपडे कापायची बोथट टोकाची कात्री, श्वास देण्यासाठी पॉकेट मास्क, दोन टूर्निकेट (हातापायाचं रक्त थांबवायला दांड्याने पिळून आवळायचा पट्टा), चादर, बॅटरी आणि जादा सेल, मार्कर पेन, चमकणारी जाकिटं. जखमेवर थेट कापूस ठेवू नका, तंतू चिकटून बसतात. पिशवी गाडीच्या डिकीत ठेवू नका. उन्हाळ्यात हातमोजे चिकट होऊन घालतानाच फाटतात. टूर्निकेटच्या स्वस्त नकलांचा पिळायचा दांडा ऐन वेळी मोडतो. सरावाचा टूर्निकेट वेगळा ठेवा, त्याच्यावर खूण करा आणि तो खऱ्या जखमेवर वापरू नका.

रस्त्यावरचा अपघात

पळत जखमीकडे जाऊ नका, आधी रस्ता सांभाळा. मागून येणाऱ्या गाड्यांना लांबूनच दिसेल असा एक माणूस जाकीट घालून उभा करा, आपली गाडी इंडिकेटर लावून कडेला घ्या. जखमीला ओढून काढायचं ते फक्त आग, पाणी किंवा दुसरी गाडी आदळण्याचा धोका असेल तरच. जमलेले लोक हात-पाय धरून जीपमध्ये टाकायची घाई करतात. मान आणि पाठीचा कणा त्यातच जायबंदी होतो. पथकातल्या एकाने डोकं दोन्ही हातांनी आहे तसं धरून ठेवायचं आणि तेवढंच काम करायचं. पाणी पाजू नका.

रक्त भळाभळा येत असेल तर बाकी सगळं बाजूला. गॉजची जाड घडी जखमेवर ठेवा, कोपर सरळ करून अंगाचा भार टाका आणि दहा मिनिटं उचलून बघू नका. रक्त थांबलं का, हे सतत बघण्यातच ते पुन्हा सुरू होतं. गॉज भिजला तर त्याच्यावर दुसरा ठेवा. जांघ किंवा काखेत खोल जखम असेल तर गॉज आत ठासून भरा आणि मग दाबा. हाता-पायाच्या जखमेचं रक्त दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या ५ ते ७ सेंमी वर टूर्निकेट बांधा. कोपर किंवा गुडघ्यावर नको. रक्त थांबेपर्यंत पीळ द्या, जखमी कळवळेल तरी. वेळ मार्करने कपाळावर लिहा. ‘थोडं सैल करू’ म्हणणारा कोणीतरी असतोच. सैल करू नका, ते काम रुग्णालयाचं.

श्वास थांबला तर

खांदे हलवून जोरात हाक मारा. उत्तर नाही आणि श्वास नीट नाही, म्हणजे छातीदाब सुरू. फसायला होतं ते आचक्यांमुळे. हृदय बंद पडलेला माणूस मिनिटाला दोन-चार वेळा आ वासून घुरघुरता श्वास ओढतो आणि भोवतीचे म्हणतात ‘श्वास चालू आहे, थांबा’. तो श्वास नव्हे. दहा सेकंदांत ठरवा.

कडक जमिनीवर उताणं झोपवा, खाटेवर नाही. छातीच्या मध्यभागी तळहाताची टाच, कोपर ताठ, खोली ५ ते ६ सेंमी, वेग मिनिटाला १०० ते १२०. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. दमलेला माणूस इथेच चुकतो, त्याचे हात छातीवर टेकून राहतात. म्हणून दर दोन मिनिटांनी बदला. मास्क आणि सराव असेल तर ३० दाबांमागे २ श्वास, नसेल तर नुसते दाब. बुडालेल्याला मात्र आधी २ श्वास द्या आणि पोट दाबून पाणी काढायला जाऊ नका. फिट आलेल्याच्या तोंडात चमचा घालू नका, चप्पल किंवा कांदा हुंगवू नका. कुशीवर वळवा आणि वेळ मोजा.

साप

रानात राबणाऱ्या गावात हे प्रसंग जास्त येतात, म्हणून सविस्तर. विषारी मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. घोणसचा दंश झपाट्याने सुजतो. मण्यार मात्र रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि खूण मुंगी चावल्याएवढी असते, कधी सापडतच नाही. पहाटे पोट दुखतं, गिळता येत नाही, पापण्या जड होतात. ‘रात्री काही खाल्लं असेल’ म्हणून घरचे चहा देत बसतात. जमिनीवर झोपलेल्याच्या पापण्या उतरल्या तर साप समजूनच पळा.

करायचं एवढंच: धीर द्या, कारण पुष्कळ दंश बिनविषारी असतात. अंगठ्या, जोडवी, बांगड्या काढा. चावलेला हात किंवा पाय काठी लावून हलणार नाही असा ठेवा. चालू देऊ नका. डाव्या कुशीवर झोपवून न्या. गाडी नसेल तर मोटारसायकलवर मध्ये बसवा आणि मागच्याने घट्ट धरा. चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. कोणी आधीच करकचून बांधलं असेल तर वाटेत एकदम सोडू नका, डॉक्टरांसमोर सुटू द्या. साप मारायला माणसं धावली तर दुसरा दंश होतो. ज्या केंद्रात सर्पदंशावरची लस (विष उतरवणारं इंजेक्शन) आहे तिथे निघण्याआधी फोन करा. आपल्या भागात ती कुठे मिळते हे पावसाळ्याआधीच विचारून ठेवा. देवऋषीकडे न्यायचा आग्रह झाला तर भांडू नका, ‘आधी इंजेक्शन, मग जाऊ’ म्हणा आणि गाडी सुरू करा. वाटेत श्वास थांबला आणि हृदय चालू असेल तर मास्कने श्वास देत राहा. मण्यारीच्या रुग्णाला यानेच वाचवता येतं.

विहीर किंवा टाकीत गाळ काढताना कोणी खाली कोसळला तर उतरू नका. खाली विषारी वायू असतो आणि वाचवायला गेलेलेही एकामागोमाग कोसळतात. वीज लागली असेल तर वायरमनकडून प्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत दूर उभे राहा.

सोपवताना आणि नंतर

रुग्णवाहिका आली की चिठ्ठी द्या: कधी घडलं, काय दिसलं, काय केलं, टूर्निकेट किती वाजता. कायद्याची भीती बाळगू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १३४अ नुसार अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानेही हे संरक्षण बंधनकारक केलं. फोटो काढायला आणि पाठवायला पथकात सक्त मनाई हवी.

त्याच रात्री पिशवी भरून ठेवा. आणि ज्याच्या हाताच्या चिरेवर किंवा डोळ्यात रक्त उडालं असेल त्याने लगेच धुऊन त्याच दिवशी शासकीय रुग्णालय गाठावं. एचआयव्हीवरचं प्रतिबंधक औषध जितकं लवकर तितकं उपयोगी, ७२ तासांनंतर ते देत नाहीत.