जुना मायफर्ड लेथ घरी उभा करताय? रंगाचा डबा आधी बाजूला ठेवा

जुनं मशीन घरी आलं की पहिला हात जातो पॉलिश पेपरकडे, दुसरा रंगाच्या डब्याकडे, आणि चांगल्या मशीनचं नुकसान होतं ते तिथंच. लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून कापणारं मशीन, हे मुळात एकमेकांवर सरकणारे पृष्ठभाग आणि त्यांच्या मधलं ऑइल, बाकी सगळं नंतर. माझ्याकडे मायफर्ड कंपनीचा एमएल ७ आहे, कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका बंद पडलेल्या शेडमधून आणलेला, त्याच्यावरच सांगतो. दुसऱ्या कंपनीचा लेथ असेल तरी कामाचा क्रम हाच ठेवा.

एमएल ७ इंग्लंडमधला, नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनचा, १९४६ साली बाजारात आला. सेंटर हाइट, म्हणजे बेडपासून (लेथचा लांब पाया) स्पिंडलच्या (काम फिरवणारा दांडा) मध्यापर्यंतची उंची, साडेतीन इंच, दोन सेंटरमध्ये कामाच्या लांबीला २० इंच, लीडस्क्रू (आटे पाडताना हत्यार सरकवणारा लांब स्क्रू) इंचाला ८ आट्यांचा, स्पिंडलच्या नाकावर सव्वा इंचाला एक सूत कमी असे इंचाला १२ आटे आणि आत नंबर २ मोर्स टेपर, म्हणजे ठरलेल्या मापाचं निमुळतं भोक. सगळं इंचातलं. बोल्टही बीएसएफ आणि बीए या जुन्या ब्रिटिश मापांचे, त्यामुळं मिलिमीटरचा पान्हा जवळपास बसतोय म्हणून लावू नका, डोकी गोल होतात आणि मग एक बोल्ट काढायला अख्खा दिवस जातो. जुन्या बाजारात इंची पान्ह्यांचा सेट किलोवर मिळतो, तो आधी आणा.

खोलायच्या आधी मोजायचं. चकजवळ (स्पिंडलवरचा, काम पकडणारा जबडा) बेडची झीज सगळ्यात जास्त असते कारण कामही तिथंच जास्त होतं. सॅडलची (हत्यार घेऊन बेडवर सरकणारा भाग) गिब पट्टी, म्हणजे ढिलाई काढायची पट्टी, चकजवळ नीट बसेल इतकी आवळा आणि सॅडल टेलस्टॉककडे (बेडच्या दुसऱ्या टोकाचा आधार) ढकलत न्या, अर्ध्यात घट्ट होऊन अडकलं तर झीज किती आहे ते हातालाच कळतं. मग चकमध्ये इंचभर जाडीचा सरळ बार धरा, डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप) स्पिंडलच्या नाकावर टेकवा आणि बार हातानं वर उचला. काटा एक ते दोन थाऊ (इंचाचा हजारावा भाग) हलला तर बेअरिंग उत्तम, चार-पाच हलला तर काम आहे. हे आकडे वहीत लिहून ठेवा, कारण खोलल्यावर मशीन पहिलं कसं होतं ते परत कधीच मोजता येत नाही. चेंज गिअर, म्हणजे वेगवेगळे आटे पाडायला बदलायचे गिअर, पण तेव्हाच मोजून घ्या, ते नसतील तर आटे पाडायची बोंब.

आता चक. आट्यांवर बसणारा चक वर्षानुवर्षं न काढल्यामुळं जाम झालेला असतो, आणि बॅकगिअर (स्पीड कमी करायचे गिअर) घालून स्पिंडल लॉक करायचं आणि चावीवर हातोडा घालायचा हा सगळ्यात सोपा वाटणारा उपाय, ज्यात स्पिंडलवरच्या मोठ्या गिअरचे, म्हणजे बुल गिअरचे, दात तुटतात. माझ्या लेथचे दोन दात आधीच्या कुणीतरी असेच घालवलेत, मी ते ब्रेझिंग करून कानशीनं घासून बसवले, चार रविवार गेले. त्यापेक्षा डिझेल आणि गिअर ऑइल मिसळून आट्यांच्या फटीत रात्रभर सोडा, स्पिंडलवरच्या मोठ्या पुलीला जुना पट्टा गुंडाळून घरातल्या कुणालातरी घट्ट धरायला सांगा, चकच्या जबड्यांमध्ये लांब पट्टी धरा आणि एक झटका द्या, समोरून बघता घड्याळाच्या उलट दिशेला. नाही सुटला तर परत ऑइल, परत रात्र. आणि उतरवताना खाली बेडवर लाकडी फळी ठेवायचीच, चक पडला तर बेडला जो खड्डा पडतो तो कायमचा.

खोलताना प्रत्येक पायरीचा फोटो, प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव. जुन्या रंगात शिसं असू शकतं म्हणून कोरडं घासायचं नाही, ग्राइंडरला वायर ब्रश तर अजिबात नाही, रिमूव्हर लावून ओलाच खरवडायचा, मास्क घालून, मुलं आसपास नसताना.

गंजासाठी धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि बॅटरी चार्जर हा मला सगळ्यात भरवशाचा उपाय वाटतो. बादलीत चार लिटर पाण्याला मोठा चमचाभर सोडा, गंजलेला पार्ट चार्जरच्या निगेटिव्हला, साध्या लोखंडाचा पत्रा पॉझिटिव्हला, दोघं एकमेकांना टेकता कामा नयेत. स्टेनलेसचा पत्रा घालू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन निघतो म्हणून हे काम उघड्यावर, जवळ बिडी-काडी नको, आणि ॲल्युमिनियम किंवा पितळेचे पार्ट त्यात घालायचे नाहीत. यात फक्त गंज जातो, चांगलं लोखंड शाबूत राहतं. सायट्रिक ॲसिड पण चालतं पण बिडाचा पार्ट विसरलात तर ते खात बसतं.

बेडवर मात्र यातलं काही नाही. रॉकेल शिंपडायचं, दाढीचं पातं जवळजवळ आडवं धरून गंजाचं कवच सोलायचं, मग रॉकेलमध्येच बारीक स्कॉचब्राइट हलक्या हातानं. एमरी पेपरनं बेड चकचकीत होतो खरा पण एमरीची रेव गिबमध्ये जाऊन बसते, आणि ज्या सपाटपणासाठी कुणीतरी मेहनत केलीय तो तुम्ही दहा मिनिटांत घालवता.

आता हेडस्टॉक, म्हणजे स्पिंडल ज्यात बसतं तो भाग. एमएल ७ ला बॉल बेअरिंग नाहीत, व्हाइट मेटल या मऊ धातूचे दोन तुकड्यांचे बुश आहेत, वरची टोपी काढली की दोन्ही बाजूंना थराथरांचे शिम (फट भरणाऱ्या पातळ पट्ट्या) दिसतात. ढिलाई जास्त असेल तर दोन्ही बाजूंचा एकेक सारख्याच जाडीचा थर ब्लेडनं सोलायचा, टोपी बसवून बोल्ट पूर्ण आवळायचे आणि परत डायल लावून बघायचं. स्पिंडल जड फिरतं म्हणून बोल्ट सैल ठेवायची पद्धत चुकीची, मग टोपी थरथरत राहते. स्पिंडल ऑइलच्या पातळ थरावर तरंगतं, म्हणून ऑइल पातळच हवं, ३२ नंबरचं हायड्रॉलिक ऑइल, बाइकचं २०डब्ल्यू४० नको. बेडला ६८ नंबरचं. थेंब सोडणारे ऑइलर साफ करून बसवा आणि सुरू करायच्या आधी थेंब पडतोय का ते डोळ्यांनी बघा. मधल्या स्पीडला अर्धा तास चालवून टोपीवर हात ठेवा, कोमट असेल तर छान, हात ठेवता येत नसेल तर लगेच बंद, एखादा थर परत घालायला लागणार.

बेड झिजलाच असेल तर या मॉडेलला एक सुंदर वाट आहे. जुन्या एमएल ७ चं सॅडल बेडच्या फक्त पुढच्या पट्टीच्या दोन कडांच्या आधारानं सरळ सरकतं, त्यामुळं त्याच कडा झिजतात आणि मागच्या पट्टीची मागची कड नव्यासारखी राहते. कंपनीनंच १९७२ च्या सुमारास या दोन आधारांमधलं अंतर रुंद करून ती मागची कड वापरायला सुरुवात केली. जुन्या सॅडलला मागच्या बाजूनं योग्य जाडीची ग्राउंड पट्टी एपॉक्सीनं चिकटवली की तेच साधतं, आणि ग्राइंडिंगचा खर्च वाचतो. मी केलंय. शेवटपर्यंत एकसारखा सरकणारा तो हँडव्हील पहिल्यांदा हातात आला तेव्हा मी नुसताच अर्धा तास इकडून तिकडे फिरवत बसलो होतो.

मोटार जुनी थ्री फेज असेल तर नेमप्लेट बघा, डेल्टा २३० लिहिलं असेल तर सिंगल फेज व्हीएफडीवर (घरच्या सिंगल फेजवर थ्री फेज मोटार चालवून तिचा स्पीड बदलणारं यंत्र) चालते, नसेल तर सरळ सिंगल फेज मोटार घ्या. एमएल ७ चा वरचा स्पीड मिनिटाला ६४० फेरे आहे, व्हीएफडी मिळाला म्हणून त्याच्या फार वर जाऊ नका, व्हाइट मेटल त्यासाठी नाही. आणि उलटं फिरवू नका, आट्यांचा चक सुटून येतो. अर्थिंग तपासल्याशिवाय प्लग लावायचा नाही.

मशीन जागेवर बसलं की बेडला पीळ आहे का ते बघायचं. इंचभर जाडीचा बार चकमधून सहा इंच बाहेर ठेवा, टेलस्टॉकचा आधार न देता, चकजवळ आणि टोकाला अशा दोन कॉलर, म्हणजे जाड पट्टे, ठेवून मधला भाग कापून बारीक करा आणि एकाच सेटिंगला दोन्हींवर हलका कट घ्या. टोकाची कॉलर मोठी आली तर टेलस्टॉककडचा पुढचा पाय किंचित उचला, लहान आली तर उतरवा, परत कट. संध्याकाळ जाते पण दोन्ही कॉलर अर्ध्या थाऊच्या आत आल्या की झालं.

आणि मग रंग. एनॅमल घ्या, पातळ दोन हात, बेडला आणि स्लाइडला टेप, ऑइलच्या प्रत्येक भोकात अगरबत्तीची काडी खोचून, म्हणजे भोक बुजत नाही. वाळल्यावर काड्या मोजून काढा, मी अकरा खोचल्या होत्या आणि दहाच सापडत होत्या, शेवटची लीडस्क्रूच्या ब्रॅकेटमध्ये मिळाली.