पहिल्या फेरीच्या आधी

गणपती उठले की शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती नवे बूट दिसू लागतात. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन डोळ्यांसमोर असते, हातात साधारण चार महिने असतात. त्यातली १० किलोमीटरची धाव निवांत पुरी करायला तेवढे पुरतात, फक्त पहिल्या आठवड्यात सुसाट सुटायचं नाही. मी तेच केलं होतं. ओळखीच्या घोळक्यामागे निघाले आणि अर्धी फेरी व्हायच्या आत कट्ट्यावर बसले, छाती भात्यासारखी हलत होती. मला वाटलं, आपल्यात दमच नाही. दम होता, वेग चुकला होता.

तेव्हा आधी डॉक्टर. चाळिशी ओलांडली असेल, बीपी, शुगर किंवा दमा असेल तर विचारून घ्या. पंप लागत असेल तर तो खिशात हवा. बूट संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात, आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा राहते का ते उभं राहून बघा. सकाळी अर्धं केळं आणि थोडं पाणी पुरे. ऑक्टोबरात सहाच्या आत बाहेर पडा. दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, अंग थंड होत नाही आणि नेहमीच्याच वेगाला ठोके वाढतात. त्या दिवशी हळूच धावायचं.

पहिली पाच मिनिटं झपझप चाला. मग एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. चालण्यात कमीपणा मानू नका. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये १०,००० मीटर धावलेल्या जेफ गॅलोवे यांनी हीच पद्धत नवख्यांना शिकवली. एक मात्र नीट पाळा: दम लागण्याआधी चालायला लागा, लागल्यावर नव्हे.

वेग ठरवायला घड्याळ नको, सातचा पाढा घ्या. धावता धावता मोठ्याने म्हणा. ‘सात त्रिक एकवीस, सात चोक अठ्ठावीस’ एका श्वासात निघालं तर वेग बरोबर. ‘सात’ आणि ‘त्रिक’च्या मध्येच श्वास घ्यावा लागला तर लगेच हळू व्हा, शेजारून कोणी पुढे गेलं तरी.

श्वास फक्त नाकाने घ्यायचा हट्ट धरू नका. नाक-तोंड दोन्ही मोकळं सोडा. घरी उताणं झोपून पोटावर हात ठेवा. श्वास घेताना हात वर उचलला गेला पाहिजे. तसाच श्वास धावताना, खांदे खाली सोडून. लय हवी असेल तर तीन पावलांत आत, दोन पावलांत बाहेर. धाप लागली की आपण आत जास्त हवा ओढू बघतो, आणि श्वास वरच्या वर, तोकडा होत जातो. श्वास घ्यायची ती तगमग मुख्यतः रक्तात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते, म्हणून आधी पूर्ण बाहेर सोडा. आत आपोआप येतो. बरगडीखाली कळ आली तर वेग कमी करा, तिथे बोटांनी दाबा आणि लांब श्वास सोडत राहा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर मात्र थांबायचंच, आणि डॉक्टर गाठायचा.

पहिली काही मिनिटं सगळ्यांनाच जड जातात, स्नायूंना लागणारा ऑक्सिजन पोचेपर्यंत थोडा वेळ लागतो. तेवढ्यावरून दिवस वाईट ठरवू नका.

आठवड्यातून तीनच दिवस, एक दिवसाआड. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात श्वास सुधारलेला जाणवतो आणि नेमका तेव्हाच मोह होतो. पण हाडं आणि स्नायू हाडांना जोडणारे स्नायूबंध तयार व्हायला फुप्फुसांपेक्षा कितीतरी जास्त वेळ घेतात. नडगी आणि गुडघे दुखू लागतात ते याच दिवसांत. आधी धावण्याचं मिनिट वाढवा, वेग बराच नंतर.

घरी आल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा: किती मिनिटं धावलात, आणि पाढा न अडखळता कुठवर गेला.