पोटरी सुजली की लगेच रक्त पातळ करायची गोळी? या चुका टाळा

एक काका दवाखान्यात लंगडतच आले. चार दिवसांपूर्वी एसटी पकडायला धावले, पोटरीत 'कट्' झालं आणि पाय सुजला. घरात भावाची रक्त पातळ करायची गोळी होती. 'पायाच्या नसेत रक्ताची गुठळीच असणार' म्हणत तीच सुरू केली. पँट वर केली तर पोटरीपासून घोट्यापर्यंत काळंनिळं उतरलेलं. डॉपलरमध्ये (नसांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) नसा मोकळ्या. स्नायू फाटला होता आणि गोळीने आतला रक्तस्राव वाढवला होता.

सुजलेली पोटरी म्हणजे गुठळीच, हे गृहीत धरणं सगळ्यात महागात पडतं. गुडघ्यामागची बेकर सिस्ट (पाण्याची गाठ) फुटली तरी पाय हुबेहूब असाच दिसतो. आम्ही गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून 10 सेंमी खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोजतो. 3 सेंमीहून जास्त फरक असला तर संशय वाढतो, पण वेल्स स्कोअरमध्ये (गुठळीची शक्यता मोजायची गुणपद्धत) त्याला एकच गुण आहे.

बरं, गुठळी खरीच असती तरी भावाची गोळी पुरली नसती. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांना अपिक्साबान (रक्त पातळ करायची अशीच एक गोळी) सहसा 5 मिग्रॅ दिवसातून दोनदा देतात. ताज्या गुठळीला पहिले 7 दिवस 10 मिग्रॅ दोनदा लागतं. इकोस्प्रिन (अ‍ॅस्पिरिन) तर यावरचा उपचारच नाही.

डी-डायमर (गुठळीच्या संशयात करतात ती रक्ततपासणी) वाढला म्हणूनही घाबरून गोळी गिळू नका. गरोदरपण, ऑपरेशन, इन्फेक्शन, नुसतं वय यांनीही तो वाढतो. गोळी आधी घेतली तर उलट फसवा कमी येऊ शकतो, म्हणून रक्त आधी द्या.

याची दुसरी बाजूही आहे. संशय दाट आणि सोनोग्राफी लांब असेल तर डॉक्टर तपासणीआधीच औषध सुरू करतात, आणि ते बरोबरच आहे. उपचारांचे नियम ठरवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेचा सल्ला असा: 4 तासांत सोनोग्राफी होत नसेल तर रक्ताचे नमुने घेऊन औषध द्या, सोनोग्राफी 24 तासांत करा. घोळ होतो तो पुढे: इंजेक्शन घेतलं, बरं वाटलं, सोनोग्राफी राहिली.

रक्त पातळ करायच्या औषधासोबत डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी नको, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. मालिशही नको. दम लागला, छातीत दुखलं तर थेट कॅज्युअल्टी गाठा.

पहिली सोनोग्राफी नॉर्मल, पण डी-डायमर वाढलेला असेल तर 6 ते 8 दिवसांनी ती पुन्हा करतात. तोवर सूज उतरलेली असते आणि बरेच जण फिरकतच नाहीत.