थायमसच्या गाठी: मासाओका-कोगा आणि टीएनएम यांची तुलना कशी करावी

थायमोमावर (छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीच्या गाठीवर) प्रबंध करणारे विद्यार्थी आपला तक्ता घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा त्यात बहुतेक वेळा 'स्टेज' असा एकच रकाना असतो. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. तो रकाना आधी झाकून ठेवा, असं मी त्यांना सांगते. स्टेज, म्हणजे आजार किती पसरलाय याची पायरी, ठरवण्याच्या मासाओका-कोगा आणि टीएनएम या दोन पद्धतींपैकी कोणती रुग्णाचं पुढचं भवितव्य नीट सांगते हे पाहायचं असेल, तर प्रत्येक रुग्णाची स्टेज मूळ निरीक्षणांवरून नव्याने ठरवायला हवी. एका पद्धतीची स्टेज दुसरीत सरळ बदलता येत नाही.

का ते बघा. मासाओकांची पद्धत 1981 ची, कोगांनी ती 1994 मध्ये सुधारली. तिचा भर गाठ कॅप्सूलबाहेर, म्हणजे तिच्याभोवतीच्या आवरणाबाहेर, आली का, यावर. टीएनएममध्ये टी म्हणजे गाठ आसपास किती शिरली, एन म्हणजे लसीकाग्रंथी आणि एम म्हणजे दूरवर पसरणं. तिची आठवी आवृत्ती 2017 पासून आली. तिच्यामागे आयटीएमआयजी (थायमसच्या गाठींवर काम करणारा आंतरराष्ट्रीय गट) आणि आयएएसएलसी (फुप्फुसाच्या कर्करोगावर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) यांनी जमवलेल्या दहा हजारांहून जास्त रुग्णांची माहिती होती. नववी 2025 पासून लागू झाली. आता फुप्फुसात शिरलेली, पण लसीकाग्रंथी स्वच्छ असलेली आणि कुठेही न पसरलेली गाठ घ्या. मासाओका-कोगात ती स्टेज तीन, आठव्या टीएनएममध्ये तीन-ए आणि नवव्यात दोन! रुग्ण तोच, स्लाइड तीच. उलट बाजूला, कॅप्सूलमधली गाठ, सूक्ष्मदर्शकाखालीच बाहेर डोकावणारी आणि डोळ्यांना दिसेल इतकी चरबीत गेलेली, या तिन्ही मासाओका-कोगात एक, दोन-ए, दोन-बी अशा वेगळ्या. टीएनएममध्ये तिन्ही गाठी स्टेज एकमध्येच.

म्हणून रकाने असे करा: गाठीचा आकार सेंटिमीटरमध्ये (नवव्या आवृत्तीत पाच सेंटिमीटरवर टी1ए आणि टी1बी वेगळे होतात), कॅप्सूल, चरबी, मेडियास्टायनल प्लुरा (छातीच्या मधल्या भागाकडचं फुप्फुसावरण), पेरिकार्डियम (हृदयाभोवतीचं आवरण), फुप्फुस, फ्रेनिक नर्व्ह (श्वासपटलाची नस), छातीची भिंत, श्वासनलिका, अन्ननलिका. रक्तवाहिनी असेल तर कुठली, हे नाव घालून लिहा. ब्रॅकिओसेफॅलिक व्हेन (छातीतली एक मोठी शीर) टी3, महाधमनी टी4. नाव न लिहिलेला शिरेचा तुकडा माझ्यासमोर आला, तर तो कुठल्या शिरेचा हे मला सूक्ष्मदर्शकातून सांगता येत नाही. त्यासाठी सर्जनच्या ऑपरेशन नोट्स शेजारी हव्यातच.

मग परिणाम कोणता मोजायचा ते ठरवा. थायमोमात फक्त मृत्यू मोजू नका. ही गाठ सावकाश वाढते, कित्येक रुग्ण दुसऱ्याच कारणाने जातात आणि दहा वर्षांनंतरही ती परत आलेली दिसते. पूर्ण काढलेल्या गाठींमध्ये पुनरुद्भव मोजा आणि इतर कारणांनी झालेले मृत्यू स्पर्धक घटना म्हणून, म्हणजे पुनरुद्भव दिसण्याची शक्यताच संपवणाऱ्या घटना म्हणून, धरा. थायमिक कार्सिनोमाचं (थायमसच्या जास्त आक्रमक कर्करोगाचं) विश्लेषण वेगळं करा, हा माझा आग्रह आहे. कार्सिनोमाचे रुग्ण बहुधा पुढच्या स्टेजला येतात आणि त्यांचं भवितव्यही वाईट असतं. दोन्ही एकत्र केले की कुठलीही पद्धत हुशार वाटते, पण तिथे खरं काम ऊतीच्या प्रकाराने केलेलं असतं.

आकडेशास्त्रात सी-इंडेक्स काढाल. दोन रुग्णांपैकी वरच्या स्टेजच्या रुग्णात गाठ आधी परतली का, हे पद्धत किती जोड्यांत बरोबर सांगते, याचं ते माप. 0.5 म्हणजे निव्वळ नशीब, 1 म्हणजे अचूक. दोन्ही पद्धतींचे आकडे त्याच रुग्णांवर काढा आणि बूटस्ट्रॅपने (त्याच रुग्णांमधून पुन्हा पुन्हा यादृच्छिक नमुने घेऊन) फरकाचा विश्वासांतराळ, म्हणजे तो फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो हे, द्या. हा आजार दुर्मीळ, पुनरुद्भव मोजकेच. दुसऱ्या दशांशातल्या फरकावरून विजेता जाहीर करणं मला पटत नाही. त्यापेक्षा लगतच्या स्टेजचे पुनरुद्भवाचे आलेख एकमेकांपासून खरंच सुटे होतात का, ते पाहा. मासाओका-कोगाच्या एक आणि दोनमध्ये ते बऱ्याचदा एकमेकांना चिकटलेले दिसतात, आणि टीएनएमने त्या एकत्र केल्या ते मला योग्य वाटतं.

गाठ पूर्ण निघाली (आर0) की नाही, हे मॉडेलमध्ये घालायला विसरू नका. नाहीतर त्याचं श्रेय स्टेजला जातं.

लसीकाग्रंथींचं सगळ्यात जपून करा. थायमसजवळच्या ग्रंथीत गाठ गेली असेल, तर मासाओका-कोगात चार-बी, टीएनएममध्ये एन1, म्हणजे चार-ए. जुन्या शस्त्रक्रियांमध्ये ग्रंथी अनेकदा काढल्याच जात नसत आणि तक्त्यात मात्र त्या 'एन0', म्हणजे ग्रंथी स्वच्छ, म्हणून येतात. अशा रुग्णांसाठी 'तपासल्या नाहीत' असा वेगळा शेरा ठेवा आणि त्यांना धरून एकदा, वगळून एकदा, असं पूर्ण विश्लेषण दोनदा चालवा.